दाखवायचा कागद

तीस-बत्तीस वर्षं मी आजारांची नावं टाइप करत आले. स्पेलिंगसकट, न चुकता. पण त्यातल्या एकाही आजारावर मला औषध विचारू नका. शेजारच्या बायका अजूनही विचारतात, "एवढ्या मोठ्या डॉक्टरांकडं होता तुम्ही, गुडघ्यावर काहीतरी सांगा की." मी त्यांना गुडघेदुखीचं इंग्रजी नाव सांगते, ते कुठल्या भाषेतून आलं तेही सांगते. त्यानं गुडघा दुखायचा थांबत नाही, बायकांचे प्रश्न मात्र थांबतात.

माझं माहेर साताऱ्याचं. तिथल्याच एका इन्स्टिट्यूटमध्ये टायपिंग शिकले, लग्न होऊन सांगलीला आले आणि मेंदूविकाराच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात टायपिस्ट म्हणून चिकटले. काम बाहेरून सोपं दिसायचं. पेशंट घरी जायला निघाला की त्याला डिस्चार्ज कार्ड द्यायचं. वर नाव, वय, गाव. खाली गोळ्या आणि पुन्हा कधी यायचं ती तारीख. आणि मधे एक चौकट, डायग्नोसिसची. पेशंटला नेमकं काय झालंय ते त्या चौकटीत दोन-तीन शब्दांत असतं. डॉक्टर सांगायचे, मी टाइप करायची, दुपारी जेवायला उठण्याआधी ते गठ्ठ्यावर सह्या करायचे.

पहिल्याच महिन्यात मी एका कार्डावर 'हायपर'च्या जागी 'हायपो' टाइप केलं. एक म्हणजे जास्त, दुसरं म्हणजे कमी. रक्तदाब जास्त असलेल्या माणसाला मी कमी रक्तदाबाचा करून टाकला होता. नशीब, डॉक्टरांच्या नजरेला पडलं. ते ओरडले नाहीत. पुठ्ठा निघालेली एक जाडजूड जुनी मेडिकल डिक्शनरी त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाले, "बाई, शब्द पाठ करू नका. फोडून बघा. आत काय आहे ते कळलं की चूक होत नाही."

तेव्हापासून मला शब्द फोडायचा नाद लागला. दोनशे पानी वही केली. डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला त्याची मुळं. बहुतेक ग्रीक, नाहीतर लॅटिन. फोडून बघितले की हे दांडगे शब्द अगदी साधे निघायचे.

कोरेगावकडचे एक निवृत्त सुभेदार यायचे डोकेदुखीसाठी. कार्ड हातात पडलं की ते खिशातून चष्मा काढत आणि प्रत्येक शब्दाचा जाब विचारत.

"हे मायग्रेन म्हणजे काय?"

"मूळ ग्रीक आहे सुभेदारसाहेब. हेमी म्हणजे अर्धं आणि क्रेनिया म्हणजे डोकं. अर्धं डोकं."

"म्हणजे आपली अर्धशिशी!"

"तीच."

सुभेदारांनी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "म्हणजे त्या ग्रीकांचं बी अर्धंच दुखत हुतं म्हना की." आणि खूश होऊन गेले. पुढच्या वेळी डोकं कसं आहे विचारलं तर म्हणाले, दुखतंय तसंच, पण आता एकट्याचं वाटत नाही.

दुसरे एक आजोबा आटपाडीकडचे. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या म्हणून डॉक्टरांनी नुसतं 'हेडेक' लिहायला सांगितलं. आजोबा कार्ड घेऊन नाराज उभे. "आवं म्याडम, दोन एस्ट्या बदलून आलो आन् एवढंच नाव? गावात काय सांगू?" मी कार्ड परत घेतलं आणि 'सेफाल्जिया' असं टाइप करून दिलं. त्याचाही अर्थ डोकेदुखीच. आजोबांनी ते नाव तीनदा घोकलं आणि समाधानानं एस्टी स्टँडकडे गेले. डॉक्टरांना सांगितलं तर तेही हसले. त्या दिवशी मला उगाचच वाटून गेलं, की त्या चौकटीत कुठला शब्द बसवायचा यात आपलाही काही हात आहे. हे वाटणं वाईट, हे मला फार उशिरा कळलं.

आता ज्या पोरीसाठी हे सगळं लिहायला बसले आहे तिच्याकडे येते.

रूपाली माण तालुक्यातली. दहिवडीला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. वडील मुंबईला, घरी आई आणि शेरडं. कॉलेजात दोनदा धाडकन पडली, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. मैत्रिणींनी कांदा हुंगवला, कुणी चप्पल नाकाशी धरली. गावात कुणी म्हणालं, पोरीला धरलंय. कुणी म्हणालं, बाहेरचं हाय. तिच्या आईनं, इंदूबाईंनी, महिनाभर अंगारे-धुपारे केले आणि मग कुणाच्या तरी सांगण्यावरून सांगलीचा रस्ता धरला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या सुरू केल्या. डायग्नोसिसच्या चौकटीत मी टाइप केलं, एपिलेप्सी. आपल्याकडे फिट म्हणतात तेच.

कार्ड होईपर्यंत रूपाली माझ्या टेबलापाशी बसली होती. माझी वही उघडीच होती. तिनं विचारलं, "म्याडम, हे काय लिवलंय?"

मी सांगितलं. एपि म्हणजे वरून. पुढचा भाग आला आहे धरणं, पकडणं या क्रियापदावरून. कुणीतरी वरून येऊन माणसाला धरतं, असा त्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ. आपल्या जुन्या वैद्यांनी याच आजाराला अपस्मार म्हटलं. स्मरण निघून जातं तो.

ती डोळे मोठे करून ऐकत होती. "म्हंजी आमच्या गावात म्हणत्यात तेच की. धरलंय."

"शब्द तोच. पण धरणारं कुणी नसतं. मेंदूत बारीक वीज खेळत असते, ती मधेच भडकते. डॉक्टरांनी सांगितलं ना?"

"सांगितलं. पर मग नाव बदललं का न्हाई कुणी?"

मी वही मिटली आणि कार्ड तिच्या हातात दिलं.

गोळ्या लागू पडल्या. वर्षभर एकही फिट आली नाही. पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा रूपाली बाहेर बाकावर बसली आणि इंदूबाई एकट्याच माझ्या टेबलाशी आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "म्याडम, पोरीचं जमत आलंय. शिरवळला कंपनीत हाय पोरगा. मानसं चांगली हायती. पर त्येंच्या कानावर गेलंय की पोरीला सांगलीला न्हेत्यात. कागद बघाय मागितलाय त्येंनी."

आमच्या भागात लग्न ठरवताना चौकशी होते, आणि ती पत्रिकेपेक्षा कसून होते. दूध डेअरीत होते, सलूनमध्ये होते, मुलीच्या कॉलेजात होते आणि दवाखान्यातही होते. म्हणून लोक दोन कागद मागायचे. एक औषधाचा, एक दाखवायचा. नोकरीसाठी मागायचे, भरतीसाठी मागायचे. मी कुणाला दाद दिली नव्हती.

"दाखवा की मग," मी म्हटलं. "गोळ्या घेतल्या की पोरगी ठणठणीत आहे, हे डॉक्टर स्वतः सांगतील त्यांना."

"डाक्टर सांगतील वो. पर त्यो शबुद बघितला की पावणं उठून जातील. तुमाला काय सांगायचं. तुमी बाईमाणूस हाय."

मला सांगायची गरजच नव्हती. माझ्या धाकट्या बहिणीच्या हातावर रुपयाएवढा पांढरा डाग होता. तेवढ्या डागापायी तिचं ठरलेलं लग्न मोडलं आणि पुढं ते झालंच नाही. इंदूबाईंच्या जागी मला माझी आई दिसायला लागली.

मी दुसरं कार्ड टाइप केलं. चौकटीत घातलं, सिंकोप. म्हणजे थोड्या वेळाची शुद्ध हरपणं, साधी भोवळ. मूळ शब्दाचा अर्थ तुटणं, मधेच खंड पडणं. मी मनाशी म्हटलं, हे काही अगदीच खोटं नाही, पोरगी पहिल्यांदा आली तेव्हा 'चक्कर येऊन पडते' असंच सांगत होती. शेजारचा शब्द घेतला, एवढंच. ज्याला हे शब्द येत नाहीत त्याला असं खोटं लिहिता आलं नसतं. मला शब्द येत होते म्हणून मला जमलं.

गोळ्यांचं नावही मी कार्डावरून गाळलं. दुपारी ते कार्ड गठ्ठ्यात मधोमध सरकवलं. डॉक्टरांनी सह्या केल्या. मी टाइप केलेलं ते वाचत नसत, एवढा त्यांचा माझ्यावर विश्वास होता. रूपाली बाकावरून सगळं बघत होती. तिला सगळं कळत होतं. तिला कसं हवंय, हे मात्र ना तिच्या आईनं विचारलं, ना मी.

लग्न झालं. पेढे आले. डॉक्टरांनीही एक खाल्ला.

दीड वर्षानं एका सकाळी ओपीडी भरात असताना फोन वाजला. साताऱ्याच्या एका प्रसूतिगृहातून डॉक्टरीणबाई बोलत होत्या. सात महिन्यांची गरोदर बाई, पहाटेपासून तीनदा झटके आलेले, शुद्धीवर नाही. "तुमच्या दवाखान्याचं कार्ड आहे तिच्या फाइलला. डायग्नोसिस सिंकोप लिहिलंय. गरोदरपणात ब्लडप्रेशर वाढून येतात ते झटके धरून आम्ही उपचार चालू केलेत. पण ब्लडप्रेशर वाढलेलं नाही, काही जुळत नाहीये. बाळाचे ठोके कमी होताहेत. हिला आधी कधी फिट आली होती का? घरचे नाही म्हणतात."

त्यांनी नाव सांगायच्या आधीच मला नाव कळलं होतं.

खरं सांगायचं तर आधी मी हिशेब केला. फोनच्या पलीकडं सासरची माणसं उभी असणार. मी 'हो' म्हटलं की त्या पोरीचा संसार गेला, आणि माझी नोकरीही. असं वाटायला फार वेळ लागत नाही. मग मी म्हटलं, "मॅडम, ते कार्ड खोटं आहे. मी टाइप केलंय ते. तिला एपिलेप्सी आहे." आणि कपाटातून खऱ्या कार्डाची प्रत काढून गोळीचं नाव आणि डोस वाचून दाखवला. 

फिट कशामुळं उठल्या ते नंतर कळलं. इंदूबाई दर महिन्याला गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरून पाठवायच्या आणि सासरी सांगितलं होतं, पोरीला अशक्तपणा आहे, या शक्तीच्या गोळ्या. दिवस गेल्यावर सरकारी दवाखान्यातून रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या. त्यांनाही आपल्याकडे शक्तीच्याच गोळ्या म्हणतात. मोठ्या जाऊबाई मायेनं म्हणाल्या, "दोन-दोन शक्तीच्या गोळ्या कशाला? उष्णता हुईल. ह्या जुन्या बंद कर." काय बोलणार होती रूपाली? बंद केल्या. तिसऱ्या आठवड्यात हे झालं.

फोननंतर तिला योग्य औषध मिळालं, झटके थांबले. पण बाळासाठी थांबता येत नव्हतं. सिझेरियन करून मुलगी काढली, मूठभर. कितीतरी दिवस ती काचेच्या पेटीत होती. दोघी जगल्या. पण तेवढे दिवस त्या आईनं काचेला हात लावून काढले, आणि ते दिवस माझ्या या बोटांनी टाइप झाले होते.

ओपीडी संपल्यावर मी दोन्ही कार्डांच्या प्रती डॉक्टरांपुढे ठेवल्या आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "बाई, तुम्हाला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता."

बस्स, एवढंच. नोकरीवरून काढलं नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक कार्ड वरपासून खालपर्यंत वाचून मग सही करायला लागले. मी निवृत्त होईपर्यंत. जेवायला अर्धा तास उशीर व्हायचा, बाहेर पेशंट कुरकुरायचे, मी समोर उभी राहायची आणि ते वाचत असायचे. त्यापेक्षा त्यांनी मला काढून टाकलं असतं तर बरं, असं कितीदा वाटलं.

तीन-चार महिन्यांनी दुपारच्या वेळी एक बाई थेट माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकची पिशवी. मागे रूपाली, छातीशी टोपडं घातलेली पोर. बाईंनी पिशवीतून ते कार्ड काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"हे तुमीच लिवलं नव्हं?"

रूपालीच्या सासूबाई, शालनताई. मी म्हटलं, "हो. माझी चूक झाली. माफी मागायलाही तोंड नाही मला."

"चूक न्हवं," त्या म्हणाल्या. "चूक नजरचुकीनं हुती. तुमी आमाला इंग्रजी येत न्हाई ह्याचा फायदा घेतला."

मी मान खाली घातली. मला वाटलं, आता आवाज चढेल, माणसं गोळा होतील. पण त्या बाकावर टेकल्या.

"मला आदी सांगितलं असतं तर म्या ही पोरगी केली असती का न्हाई, ते मलाबी म्हाईत न्हाई. खोटं कशाला बोलू? कदाचित केली नसती. पर केल्यावर त्या गोळ्या बंद करू दिल्या नसत्या, एवढं नक्की." पिशवीचे बंद हाताला गुंडाळत त्या पुढं म्हणाल्या, "माझी धाकटी भन हुती. तिला बी व्हायचं असंच. धरलंय म्हणायचे. समदे देव झाले, देवरुषी झाले. एक दिस हिरीवर पाणी शेंदाय गेली आन् तिथंच फिट आली तिला, आत पडली. कुणी बघितलंबी न्हाई. पोरीच्या आजाराचा राग न्हाई मला. माझ्या घरात असून मला म्हाईत न्हवतं, त्येचा राग हाय."

माझ्या डोळ्यांना धार लागली. टेबल माझं, दवाखाना माझा आणि मीच रडतेय. रूपालीनं पोर एका हातावर घेतली आणि पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

"आता एक करा," शालनताई म्हणाल्या. "हे फाडा. आन् खरं काय ते मराठीत लिवून द्या. मोठ्या अक्षरात. सैपाकघरात भित्तीला लावणार हाय म्या. कुणीबी आलं-गेलं तर वाचाय पायजे."

मी खोटं कार्ड फाडलं. कोरा कागद मराठी मशीनला लावला आणि सवयीनं विचारलं, "काय लिहू? फिट की अपस्मार?"

"मला काय इचारता? तिला इचारा. आजवर तिला कुणी इचारलंय?"

रूपाली गडबडली. आधी सासूकडे बघितलं, मग माझ्या वहीकडे. मग पोरीला सासूच्या मांडीवर दिलं, पदर खोचला आणि उभ्या उभ्या सांगायला लागली. सावकाश, एकेका शब्दावर थांबून, मला टाइप करायला वेळ मिळेल असं.

"लिवा. मला फिट येते. मला कुणी धरलेलं नाही. फिट आली तर मला कुशीवर झोपवा. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा. तोंडात काही घालू नका. चप्पल, कांदा नाकाशी धरू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्या. माझ्या गोळ्या माझ्याशिवाय कुणी बंद करायच्या नाहीत."

शेवटचं वाक्य तिनं दोनदा सांगितलं. मी एकदाच टाइप केलं. एवढ्या वर्षांत डिक्टेशन घेतलं ते डॉक्टरांचंच. पेशंटचं घेतलं ते हे एकच.

कागद घेऊन मी आत गेले. डॉक्टरांनी वरपासून खालपर्यंत वाचला, एकदा नाही, दोनदा. पेन उघडलं. पाच मिनिटांच्या ओळीवर हात थांबला, तिथं त्यांनी काही खाडाखोड केली नाही. मग पेन न टेकवता कागद माझ्याकडे परत दिला.

"सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण यावर माझी सही नको. जिनं सांगितलं तिची घ्या."

मी बाहेर आले आणि पेन रूपालीच्या हातात दिलं. तिनं कागद टेबलावर सरळ केला आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.